चार बोटांचं टेकण : ब्रिटनमधल्या सार्वजनिक इमारतींतलं रॅक काँक्रीट कसं ओळखावं आणि कसं हाताळावं

जुलै २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या ग्रेव्हसेंड इथे एका प्राथमिक शाळेच्या, रॅक नावाच्या हलक्या, जाळीदार काँक्रीटच्या छपराचा भाग खाली आला. शनिवार होता, आत कुणी नव्हतं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. छपरावर ताण आल्याची पहिली खूण दिसली होती जेमतेम २४ तास आधी. रॅक काँक्रीटबाबत पुढे जे काही करायचं त्याचा पाया हाच आहे : हे छत पुरेशी आगाऊ सूचना देईलच, असं धरून चालता येत नाही.

तुम्ही ब्रिटनमध्ये शाळेच्या गव्हर्नर मंडळावर असाल, दवाखान्याच्या इमारती सांभाळणाऱ्या (इस्टेट) विभागात काम करत असाल, किंवा एखाद्या सभागृहाचे विश्वस्त असाल, आणि इमारत १९५० ते १९९० च्या दशकांतली असेल, तर पुढचा मजकूर कामाचा आहे. इंजिनिअरचं काम तुम्ही करावं असा याचा हेतू नाही. इंजिनिअर येईपर्यंत काय करायचं, तो आल्यावर त्याच्याकडून काय मागायचं आणि तो गेल्यावर काय सांभाळायचं, एवढं तुम्हाला नेमकं माहीत हवं.

हे काँक्रीट वेगळं का

रॅक म्हणजे रीइन्फोर्स्ड ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट. सिमेंट, चुना, बारीक वाळू किंवा राख आणि पाणी यांच्या मिश्रणात किंचित अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घालतात. तिच्यातून हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगून वर येतं, आणि मग ते वाफेच्या बंद भट्टीत १८० ते १९० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. खडी अजिबात नसते. घट्ट झाल्यावर आतून पार जाळी पडलेली असते. ब्रिटनमध्ये लोक त्याला एरो चॉकलेटची उपमा देतात आणि ती अगदी चपखल आहे. साध्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो, तर याचं बहुधा ५०० ते ७००. दाब सोसण्याची ताकदही त्याच मानाने कमी, प्रति चौरस मिलिमीटर २ ते ५ न्यूटन. इमारतीच्या नेहमीच्या काँक्रीटला २५ च्या पुढची ताकद धरतात.

हलकं, उष्णता अडवणारं, कारखान्यातून तयार पॅनेलच्या, म्हणजे लांबट फळ्यांच्या रूपात येणारं, म्हणून सपाट छपरांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. पण खरा फरक वजनात नाही, गजांच्या पकडीत आहे.

साध्या काँक्रीटमध्ये गज आणि काँक्रीट एकमेकांना घट्ट धरून असतात. रॅकमध्ये गज गुळगुळीत असतात. गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर डांबराचा किंवा लॅटेक्स-सिमेंटचा लेप असतो, आणि भोवतालचं काँक्रीट मऊ असतं. त्यामुळे लांबीच्या दिशेचा गज काँक्रीटला धरून बसतो तो त्याला आडव्या वेल्ड केलेल्या छोट्या गजांच्या जोरावर. पॅनेलच्या टोकाकडचा आडवा गज भिंतीच्या किंवा तुळईच्या वर यायला हवा. तो तिथे असेल तर पॅनेलचा भार टेकणापर्यंत, म्हणजे पॅनेलचं टोक भिंतीवर किंवा तुळईवर जिथे बसतं तिथपर्यंत, पोचतो. तो नसेल, किंवा टेकणाच्या अलीकडे राहिला असेल, तर टोकाशी भार पेलायला नुसतं जाळीदार काँक्रीट उरतं. ते तिरकस तडकून एका फटक्यात मोडतं.

आता मोजमाप पाहा. इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या मार्गदर्शनानुसार आज ७५ मिमीपेक्षा कमी टेकण धोक्याचं धरतात. ७५ मिमी म्हणजे जेमतेम चार बोटं. त्या काळी बांधताना कित्येक ठिकाणी ४५ ते ६० मिमीच टेकण ठेवलेलं आढळतं. साइटवर एखादं पॅनेल लांब पडलं म्हणून करवतीने कापलं असेल, तर कापलेल्या तुकड्याबरोबर टोकाचा आडवा गजही गेला. वरून फेल्ट (पाणी अडवणारा डांबरी थर), खालून सीलिंग, बाजूला भिंत. ही चार बोटं कुणाच्याच नजरेला पडत नाहीत.

गंजाची गोष्टही उलटी आहे. साध्या काँक्रीटमध्ये गज गंजला की फुगतो, काँक्रीटचे पोपडे सुटतात, तांबडे डाग पडतात, आणि आपण सावध होतो. रॅकमध्ये गंज आजूबाजूच्या पोकळ्यांमध्ये मावतो. गज बराच खाल्ला गेला तरी खालची बाजू गुळगुळीतच दिसू शकते. म्हणून ‘छत तर चांगलं दिसतंय’ या वाक्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

आधी कागद

बांधकामाचं वर्ष शोधा, पण फक्त मूळ इमारतीचं नको. १९३० सालच्या शाळेला १९६६ मध्ये जोडलेली व्यायामशाळा आणि १९७२ मध्ये वाढवलेलं स्वयंपाकघर असू शकतं. प्रत्येक छप्पर ही स्वतंत्र इमारत समजा आणि प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहा : कधी बांधलं, कधी वाढवलं, छपरावर शेवटचा थर कधी घातला. १९९० ही काही लक्ष्मणरेषा नाही. १९९० च्या दशकात सुरू झालेलं लंडनमधलं हॅरो क्राउन कोर्ट ऑगस्ट २०२३ मध्ये रॅक सापडल्यामुळे बंद करावं लागलं.

नकाशांवर आणि जुन्या बिलांवर सायपोरेक्स, ड्युरॉक्स, हेबेल, वायटाँग, सेल्कॉन ही नावं शोधा. ‘एरेटेड काँक्रीट प्लँक’ किंवा ‘लाइटवेट रूफ युनिट’ असा उल्लेख असला तरी तो संशयाला पुरेसा आहे. मात्र सेल्कॉनसारख्या कंपन्या भिंतीचे हलके ब्लॉकही बनवत. गज नसलेले असे ब्लॉक हा वेगळा माल आहे; त्यांना घाबरायचं कारण नाही, फक्त खात्री करा.

कागदात नाव सापडलं नाही, म्हणजे रॅक नाही असं होत नाही. नकाशात एक माल आणि साइटवर दुसरा, हे त्या काळी सर्रास होत असे. आणखी एक फसवी जागा : सपाट छप्पर गळतं म्हणून नंतर कुणीतरी त्यावर उतरतं छप्पर चढवलेलं असतं. बाहेरून कौलं दिसतात, आत जुनी पॅनेल तशीच असतात. रॅक मजल्यांमध्ये आणि भिंतींमध्येही वापरलं आहे, नुसत्या छपरात नाही.

मग डोळ्यांनी पाहणी

सीलिंगची एकही टाइल उचलण्याआधी इमारतीची अ‍ॅस्बेस्टॉस नोंदवही पाहा. याच दशकांतल्या इमारतींमध्ये सीलिंगच्या टाइल, पाइपांवरचे लेप आणि तुळईभोवतीची पेटी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. नोंदवहीत त्या जागेबद्दल स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर हात लावू नका; आधी अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्व्हे. रॅक शोधायच्या घाईत वर्गभर तंतू उडवणं हा दुसरा तितकाच मोठा अपघात आहे.

छपरावर चढू नका. पाहणी खालून, रिकाम्या खोलीत, दोघांनी मिळून करा. बॅटरी, टेप, स्क्रूड्रायव्हर आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरतं. टाइल हळूच सरकवून आधी तिच्या पाठीवर काय पडलंय ते पाहा. फिकट करडे, भुसभुशीत तुकडे किंवा चुरा साचलेला असेल, तर पाहणी तिथेच थांबवा, खोली बंद करा आणि थेट इंजिनिअरला बोलवा.

नाहीतर वर उजेड टाका. रॅक पांढरट किंवा फिकट करडं असतं, खालची बाजू गुळगुळीत. पॅनेल एकाशेजारी एक लावलेली असतात आणि त्यांच्या लांब कडा किंचित तासलेल्या असल्यामुळे दोन पॅनेलच्या सांध्यात इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच दिसते. या खाचांमधलं अंतर टेपने मोजा. ते बहुधा ६०० मिमी भरतं, क्वचित ३०० ते ७५० च्या मधलं काहीही. जाडी साधारण १०० ते २५० मिमी आणि लांबी ६ मीटरपर्यंत असते.

कुठे दिवा किंवा केबल लावण्यासाठी आधीच पाडलेलं छिद्र असेल, तर तेच उत्तम. छिद्राच्या कडेवर कॅमेरा धरून झूम करा. साध्या काँक्रीटमध्ये खडीचे कापलेले दाणे दिसतात, करडे, तांबूस, काळसर. रॅकमध्ये दाणा एकही नाही, फक्त मोहरीएवढे आणि त्याहून बारीक गोल बुडबुडे, एकमेकांना चिकटून. स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं तरी पृष्ठभागावर खड्डा उमटतो आणि टाल्कम पावडरीसारखी भुकटी बोटाला लागते. साध्या काँक्रीटवर टोक सरकतं, उमटत नाही. ही चाचणी पॅनेलच्या मधल्या भागात, एकाच ठिकाणी, हाताच्या जोराने करा. टेकणाजवळ टोकरू नका आणि हातोडा मुळीच वापरू नका.

फसगत होते ती दोन-तीन मालांमुळे. वुडवूलच्या पाट्याही साधारण ६०० मिमी रुंद असतात, पण जवळून पाहिलं तर लाकडाचे तंतू शेवयांसारखे गुंतलेले दिसतात. पोकळ गाभ्याच्या प्रीकास्ट (कारखान्यात ओतून आणलेल्या) काँक्रीटच्या पट्ट्या जड, कठीण आणि खडीच्या असतात. पॅनेलवर रंगाचे चार थर किंवा गिलावा असेल तर डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. शंका राहिली तर ते रॅकच आहे असं धरून वागा. खात्री चार्टर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा रॅकचा अनुभव असलेला चार्टर्ड बिल्डिंग सर्व्हेअर करेल. इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स रॅकचं काम करणाऱ्या सल्लागारांची यादी ठेवते. तिथून सुरुवात करा.

सापडलं की पहिल्या दिवशी

३१ ऑगस्ट २०२३ रोजी, शाळा उघडायला काही दिवस उरले असताना, इंग्लंडच्या शिक्षण खात्याने १०४ शिक्षणसंस्थांना रॅक असलेल्या जागा वापरातून काढायला सांगितलं. तोवर फक्त गंभीर अवस्थेतली पॅनेल असलेल्या जागा बंद होत असत. त्या दिवसापासून खात्याने अवस्था कशीही असो, खात्रीच्या रॅकखाली मुलं बसवायची नाहीत असा पवित्रा घेतला. फेब्रुवारी २०२४ पर्यंत इंग्लंडमध्ये अशा २३४ शिक्षणसंस्थांची नोंद झाली. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, सरकारच्या मालमत्ता विभागाने रॅकचं आयुष्य संपलेलं आहे आणि ते कोसळू शकतं अशी सूचना सगळ्या खात्यांना दिली होती. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये शिक्षण आणि आरोग्याचा कारभार तिथल्या सरकारांकडे असल्याने कुणाला कळवायचं ते बदलतं. १९७४ च्या हेल्थ अँड सेफ्टी अ‍ॅट वर्क कायद्यानुसार इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये इमारत चालवणाऱ्यावर तिथल्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहेच. उत्तर आयर्लंडला त्याच धर्तीचा वेगळा आदेश लागू आहे.

खात्री झाली, किंवा दाट संशय आहे आणि इंजिनिअर आज येऊ शकत नाही, तर या क्रमाने करा :

१. खोली रिकामी करा आणि कुलूप लावा. नुसती पट्टी बांधून भागत नाही. खेळाच्या सुट्टीत मुलं पट्टीखालून जातात, आणि सफाई कामगार सवयीने दार उघडतो. किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

२. बंद करायची हद्द नकाशावर काढा. पॅनेल एका टेकणापासून दुसऱ्या टेकणापर्यंत जातं, भिंतीला विचारून थांबत नाही. वर्ग आणि त्याला लागून असलेला कॉरिडॉर एकाच पॅनेलखाली असेल तर दोन्ही बंद. मजल्याचं पॅनेल असेल तर वरची आणि खालची, दोन्ही खोल्या बंद.

३. छपरावर जाणारी शिडी, झडप आणि दार बंद करून तिथे ठळक फलक लावा. चेंडू काढायला, डिश बसवायला, गटार साफ करायला कुणीही वर जाता कामा नये.

४. बंद केलेल्या भागातून आग लागल्यावर बाहेर पडण्याचा रस्ता जात होता का ते त्याच दिवशी पाहा. जात असेल तर आगीच्या जोखमीचा आढावा आणि बाहेर पडण्याचे मार्ग नव्याने ठरवल्याशिवाय उरलेली इमारतही चालवू नका. ही पायरी हमखास विसरली जाते.

५. त्या छपराखाली काय काय आहे ते लिहून काढा : बॉयलर, विजेचं मुख्य बोर्ड, सर्व्हर, गॅसची लाइन, औषधांचं फ्रीज. यातल्या प्रत्येकाला कुणाला तरी हात लावावा लागतो, आणि त्या माणसासाठी छताला टेकू दिलेली वाट आधी बनवावी लागेल.

६. जबाबदार संस्थेला कळवा : अकॅडमी ट्रस्ट (शाळा चालवणारी संस्था), कौन्सिल (स्थानिक प्रशासन), डायोसीस (चर्चचा प्रशासकीय विभाग) किंवा एनएचएस ट्रस्ट (सरकारी रुग्णालय चालवणारी संस्था). शाळा असेल तर त्यांच्यामार्फत शिक्षण खात्याला. इमारतीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीलाही कळवा.

पालकांना आणि कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी साध्या भाषेत पत्र द्या : कुठल्या खोल्या बंद, का, आणि इंजिनिअर कधी येणार. छताबद्दल माहिती उशिरा मिळाली की अफवा पसरतात.

इंजिनिअरकडून काय मागावं

‘नमुन्यादाखल दहा टक्के पॅनेल तपासली’ असा अहवाल स्वीकारू नका. कुठलं पॅनेल भिंतीवर किती बसलं, हे त्या दिवशी ते बसवणाऱ्या गवंड्याच्या हातावर अवलंबून होतं. शेजारी-शेजारी दोन पॅनेलचं टेकण ९० आणि ४० मिमी असू शकतं. प्रत्येक पॅनेलला क्रमांक हवा आणि प्रत्येकाची स्वतःची ओळ हवी. त्या ओळीत लांबी, रुंदी, जाडी, दोन्ही टोकांचं टेकण मिमीमध्ये, टोकाचा आडवा गज टेकणाच्या वर आहे का, झोळ (पॅनेल मधे किती खाली लोंबलंय ते), भेगा, ओल, कापलेली भोकं आणि वर पडलेला भार, एवढं आलंच पाहिजे. टेकण आणि टोकाचा गज पाहण्यासाठी गज शोधणारं यंत्र लागतं आणि कधी सांध्यात बारीक छिद्र पाडावं लागतं किंवा थोडं उघडून पाहावं लागतं. ‘पाहता आलं नाही’ असं ज्या पॅनेलपुढे लिहिलेलं असेल, ते पॅनेल सुरक्षित नव्हे, धोक्याचं मोजा.

झोळ समजायला सोपा आहे. पॅनेलचा गाळा, म्हणजे दोन टेकणांमधलं अंतर, भागिले १०० यापेक्षा झोळ जास्त असेल तर तो गंभीर. गाळा ५.४ मीटर असेल, तर ती मर्यादा ५४ मिमी. साधारणपणे रचनेत गाळा भागिले २५० म्हणजे सुमारे २२ मिमी इतका झोळ मान्य धरतात; त्याच्या पुढे गेलेलं प्रत्येक पॅनेल लक्ष ठेवण्याजोगं. पण उलट बाजूही ध्यानात ठेवा : झोळ नसलेलं पॅनेलही टेकणाशी मोडू शकतं. वाकून मोडणारं पॅनेल आधी वाकतं, टेकणाशी मोडणारं वाकण्याची वाट पाहत नाही.

भाराचा हिशोब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. १५० मिमी जाडीचं, घनमीटरला ६०० किलोचं पॅनेल म्हणजे चौरस मीटरला ९० किलो. पन्हळ तुंबून छपरावर ५० मिमी पाणी साचलं की चौरस मीटरला ५० किलो वाढले, म्हणजे पॅनेलच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. त्या वजनाने झोळ वाढतो, झोळात आणखी पाणी साचतं. शिवाय पाणी आत मुरलं की पॅनेल जड होतं, कमजोर होतं आणि गज गंजतो. जुना थर न काढता त्यावर नवा डांबरी थर, वर खडीचा पसारा, नंतर आलेले सोलर पॅनेल किंवा एसीची युनिट, हे सगळं मूळ रचनेत धरलेलं नसतं. गेल्या चाळीस वर्षांत छपरावर काय काय चढलं याची यादी तुम्हीच इंजिनिअरला द्या. त्याला ती कुठूनही मिळणार नाही.

अहवालात प्रत्येक पॅनेलला रंग मिळतो. लालमध्ये दोन पायऱ्या असतात : अतिगंभीर, म्हणजे ताबडतोब वापरातून काढा किंवा टेकू द्या, आणि गंभीर, म्हणजे शक्य तितक्या लवकर दुरुस्ती. पिवळ्याला नियमित, साधारण वर्षातून एकदा तपासणी. हिरव्याला अवस्था पाहून तीनेक वर्षांनी. हिरवा म्हणजे कायमचा दाखला नव्हे. एका हिवाळ्यातल्या गळतीने हिरव्याचा लाल होऊ शकतो.

टेकू : इथे चूक महाग पडते

दोन अ‍ॅक्रो प्रॉप (फिरवून उंची वाढवता येणारे पोलादी टेकू) आणून पॅनेलच्या पोटाशी घट्ट फिरवायचे, ही पहिली कल्पना प्रत्येकाच्या मनात येते. ती धोकादायक आहे. पॅनेलचे मुख्य गज खालच्या बाजूला असतात, कारण ते दोन टोकांवर टेकून मधे लोंबणार या हिशोबाने बनवलंय. मधोमध टेकू देऊन तो आवळला, की टेकूच्या वर पॅनेलची वरची बाजू ताणली जाते, जिथे गज नावापुरते असतात. वाचवायला दिलेला टेकूच तडा पाडतो.

म्हणून टेकूचा आराखडा इंजिनिअरचाच हवा, आणि तात्पुरत्या कामांसाठी ब्रिटनमध्ये जे बीएस ५९७५ मानक आहे त्यानुसार एक जबाबदार माणूस नेमलेला हवा. नेहमीचा मार्ग असा : पॅनेलच्या दोन्ही टोकांना, भिंतीच्या अगदी लगत, पॅनेलला आडवी लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची तुळई, तिच्याखाली टेकू. यामुळे अपुरं टेकण लांब होतं. टेकू हाताने नीट बसेल एवढाच फिरवतात, पॅनेल उचलण्यासाठी नाही. तुळई आणि पॅनेल यांच्यात फट राहिली तर लाकडी पाचरींनी भरतात, म्हणजे भार एका बिंदूवर न येता पसरतो. पॅनेलच गंजाने कमजोर झालं असेल, तर टोकांशी भागत नाही. त्याच्या पूर्ण लांबीत आधार द्यावा लागतो.

टेकूचा पाय कुठे येतो ते पाहा. वरच्या मजल्यावरचा टेकू खालच्या स्लॅबवर उभा राहतो; तो स्लॅब भार सोसेल का, की खालच्या मजल्यावरही टेकू द्यायचे, हे आधी ठरतं. पायाखाली फळी, कार्पेटवर कधीच नाही. प्रत्येक टेकूला क्रमांक आणि तारीख लावा. आठवड्यातून एकदा एका माणसाने प्रत्येक टेकूला हात लावून बघायचं : सैल झाला का, सरकला का, कुणी हलवला का. कॉरिडॉरमध्ये टेकू आले की बाहेर पडण्याची रुंदी कमी होते, आणि दवाखान्यात तर खाटा ढकलायच्या असतात. किंग्ज लिनमधलं क्वीन एलिझाबेथ रुग्णालय आणि बेरी सेंट एडमंड्समधलं वेस्ट सफोक रुग्णालय हजारो टेकूंवर चालत आलं आहे. ते शक्य आहे, पण त्यासाठी रोज राबणारी माणसं लागतात. दोन्ही रुग्णालयं रॅकमुळे नव्याने बांधायच्या यादीत आहेत.

कायमचा उपाय

टेकणाच्या दुखण्यावर भिंतीला किंवा तुळईला पोलादी अँगल बसवून टेकण वाढवता येतं. पॅनेल बाकी धडधाकट असेल तेव्हाच याचा उपयोग. पॅनेलखाली नवी पोलादी किंवा लाकडी चौकट उभी करून सगळा भार तिच्यावर घेणं हा मधला मार्ग. पॅनेल पूर्ण काढून पोलादी पत्र्याचं हलकं छप्पर घालणं हा सगळ्यात खात्रीचा. आमचं मत विचाराल तर पैसे आणि जागा असतील तिथे काढूनच टाकावं. चौकटीखाली झाकलेलं रॅक पुढच्या पिढीला पुन्हा शोधावं लागतं.

काढताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली : सपाट छप्पर भिंतींना वरून धरून ठेवत असतं. पॅनेल काढली की उंच भिंत मोकळी उभी राहते आणि वाऱ्याने हलते. काढण्याचा क्रम आणि भिंतीचे तात्पुरते आधार आराखड्यात हवेत. दुसरी : धूळ. रॅकमध्ये सिलिका असते; तिची बारीक धूळ फुप्फुसांना घातक. कापताना पाण्याचा फवारा किंवा यंत्राला जोडलेला व्हॅक्यूम, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क, आणि कामाचा भाग उरलेल्या इमारतीपासून पूर्ण बंद. श्वासातून जाणाऱ्या सिलिकाची ब्रिटनमधली कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम आहे; कोरड्या करवतीने ती सहज ओलांडली जाते. ६ मीटर लांब, ६०० रुंद, १५० जाड पॅनेल कोरडं असतानाही ३२० किलोच्या आसपास भरतं आणि उचलताना मधून मोडू शकतं, म्हणून खाली कुणीही नको.

तोवर सांभाळायचं कसं

काही पॅनेल वर्षानुवर्षं जागेवर राहणार, हे धरूनच चालावं लागतं. मग पाणी हा पहिला शत्रू. पानगळीच्या आधी आणि नंतर पन्हळ आणि आउटलेट साफ व्हायलाच हवेत, पण पॅनेलवर पाऊल न ठेवता, बाहेरून वर उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्यातून. बर्फ साचला तर माणूस वर पाठवून तो काढायचा नाही. खालची जागा रिकामी करायची.

सीलिंगवर ओलीचा डाग दिसला की त्याची कडा पेन्सिलीने आखा आणि शेजारी तारीख लिहा. दोन आठवड्यांनी डाग रेषेबाहेर गेला असेल तर गळती चालू आहे. भेगेचंही तसंच : दोन्ही टोकांना आडवी रेघ आणि तारीख, शेजारी पट्टी धरून फोटो. भेग टेकणापासून साधारण अर्ध्या मीटरच्या आत असेल आणि तिरकी जात असेल, तर फोटो काढत बसू नका. खोली रिकामी करा. झोळ मोजायला लेसर लेव्हल प्रत्येक वेळी त्याच खुणेवर ठेवा आणि त्याच तीन बिंदूंवर मोजा : दोन्ही टोकं आणि मध्य. जागा बदलली की आकडे तुलनेला निरुपयोगी.

रॅकला खिळा, स्क्रू, अँकर काहीही लावायचं नाही. फॅन, प्रोजेक्टर, दिवाळीचं किंवा नाताळचं तोरण, सगळं भिंतीवर किंवा मोकळ्या स्टँडवर. इमारतीत येणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला काम सुरू होण्याआधी रॅकचा नकाशा दाखवून सही घ्या. इंटरनेटची केबल ओढायला आलेला माणूस पॅनेलमध्ये भोक पाडतो आणि वाटेत आलेला गज कापून मोकळा होतो. त्याला ते काय होतं हे कळतही नाही.

नकाशाची एक प्रत स्थानिक अग्निशमन दलाला द्या. आग लागली तर जवान छपरावर चढतात, आणि तिथे वर काय आहे हे त्यांना शिडी लावण्याआधी कळायला हवं. दुसरी प्रत विजेच्या मुख्य बोर्डाशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात, पॅनेलच्या क्रमांकांसह आणि शेवटच्या तपासणीच्या तारखेसह. शाळेचा साइट मॅनेजर बदलला तर किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हा नकाशाही सही घेऊन सुपूर्त करायचा.